प्रांतागणिक आवाज: एकच संहिता नको

युद्धाच्या स्ट्रॅटेजी गेममध्ये सैनिकावर क्लिक केलं की तो छोटंसं उत्तर देतो. या उत्तरांच्या रेकॉर्डिंगसाठी सगळ्या प्रांतांच्या कलाकारांना एकच संहिता वाचायला द्यावी, अशी एक सूचना आहे; ती पटत नाही. लहेजा उच्चारांइतकाच वाक्याच्या हेलात आणि शब्दक्रमात असतो. फक्त आशय द्या, वाक्य ती बोली बोलणाऱ्यालाच ठरवू द्या. नुसत्या 'हो'मध्ये हेल फारसा उमटत नाही. तीन-चार शब्द हवेत, पण दीड सेकंदाच्या आत.

एक मुद्दा राहिलाय. फाइलच्या सुरुवातीची शांतता कापली नाही, तर क्लिक केल्यावर तुकडी हुकूम उशिरा ऐकते असं वाटतं. निवड, चाल, हल्ला यांसाठी प्रत्येकी किमान ४ ओळी घ्या, तीच ओळ लागोपाठ वाजू देऊ नका आणि २० सैनिक निवडले तरी आवाज एकाचाच ठेवा. मूळ रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटने, वेव्हमध्येच (WAV, म्हणजे सहसा कॉम्प्रेस न केलेली ध्वनिफाइल). फाइल लहान करायला फार कॉम्प्रेस केलं की 'स', 'श' बिघडतात आणि लहेजा पुसट होतो.