मदत हवी आहे: क्लाउडवर काय न्यायचं, काय इथंच ठेवायचं?

नमस्कार मंडळी, नागपूरजवळ वाडीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत सिस्टिम बघतो. मे महिन्यात सर्व्हरच्या खोलीतला एसी बंद पडला. बाहेर ४५ डिग्री. कोणीतरी हौसेनं दारात कूलर आणून लावला, त्या दमट हवेनं तर माझाच जीव वर-खाली. तेव्हापासून मालकांचं एकच, "सगळं क्लाउडवर टाकून दे ना बे."

'सगळं' मला पटत नाही. महिनाअखेरचा भाड्याचा हिशेब दोनच रात्री चालतो, त्याला तासांच्या भाड्यानं मशीन घेणं परवडेल. बॅकअप तर आधी बाहेर गेलाच पाहिजे. पण हिशेबाचं टॅली आणि बिल्टीचं, म्हणजे गाडीत भरलेल्या मालाच्या पावतीचं, सॉफ्टवेअर सकाळी दहा ते रात्री आठ, रोज सारखंच चालतं. त्यात चढ-उतार नाही, सर्व्हरचे पैसेही फिटलेत. शिवाय ते क्लाउडवर नेलं तर नेट गेलं की बिल्टी कटणार नाही आणि गेटवर गाड्यांची रांग.

अडलंय ते पोच पावत्यांच्या स्कॅनवर. ३ टीबी आहेत, वर्षातून कधीतरी उघडतात. स्वस्त आर्काइव्ह स्टोरेजमध्ये ठेवल्या तर परत काढताना, डाउनलोड करताना वेगळे पैसे लागतात. वाद झाला की पार्टीला शंभर-दोनशे पावत्या तासाभरात हव्या असतात. स्टोरेजचा कोणता टियर (दर्जा) घेऊ?

आणि कोणी एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या) मुंबई रीजनवरून डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर चार कार्बनची बिल्टी छापलीय का? ओळी सरकतात का, तेवढं सांगा राजेहो.