सहा सिलिंडरची मस्टँग: इंजिन बदलायचं की आधी डिस्ट्रिब्युटर बघायचा?

डेट्रॉइटकर: '1966 ची सिक्सवाली (सहा सिलिंडरची) फोर्ड मस्टँग मिळाली तर इंजिन काढा नि 289 (क्यूबिक इंचांचं आठ सिलिंडरचं व्ही-एट) टाका, ते 200 क्यूबिक इंचवालं मुळातच मरतुकडं' असं काल एकाने लिहिलंय नि खाली सगळ्यांनी माना डोलावल्यात. राहवलं नाही. 120 हॉर्सपॉवर आहेत, 289 टू-बॅरलचे (दोन तोंडांच्या कार्ब्युरेटरवाल्याचे) 200, माहितीय. पण गाडी उचलत का नाही हे कुणी बघितलं का? या सिक्सच्या लोड-ओ-मॅटिक डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागात) वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी वजनं नसतातच, सगळा ॲडव्हान्स (ठिणगी लवकर पाडणं) व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या ओढीवर, आणि त्यासाठी मूळ ऑटोलाइट 1100 कार्बमध्ये (कार्ब्युरेटरमध्ये) स्पार्क कंट्रोल व्हॉल्व्ह असतो. मधल्या कुठल्यातरी मालकाने दुसरा कार्ब बसवला की तो व्हॉल्व्ह गेला, मग पेडल दाबलं तरी टायमिंग मागेच राहतं, ठिणगी उशिरा पडते. आणि शिव्या इंजिनला!

जर्सीवाला: कालची पोस्ट माझीच. मी स्वतः 289 टाकलंय, हायवेवर मर्ज होताना जो फरक पडतो तो तुमच्या व्हॉल्व्हने पडणार नाही.

डेट्रॉइटकर: मग पूर्ण सांगा ना लोकांना! सिक्सला चाकाला चार नट, व्ही-एटला पाच. ब्रेक लहान, मागचा ॲक्सल हलका, पुढच्या स्प्रिंगा वेगळ्या. हे सगळं न बदलता 200 घोडे जोडणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

जर्सीवाला: बदललंय सगळं. खर्च इंजिनाहून जास्त झाला, हे लिहायला हवं होतं, ठीक आहे.

सॅन होजेचा अण्णा: तुम्ही दोघं भांडा, पण डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी थेट मॅनिफोल्डला (कार्बखालच्या, इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांना) जोडा. आयडलला, म्हणजे गाडी उभी नि इंजिन चालू असताना, मिश्रण सावकाश जळतं, त्याला ॲडव्हान्स लागतोच, नाहीतर इंजिन तापतं. पोर्टेड व्हॅक्यूम (कार्बच्या थ्रॉटल झडपेच्या वरच्या भोकातून घेतलेला) हे नुसतं पोल्युशनवाल्यांचं खूळ.

डेट्रॉइटकर: अण्णा, लोड-ओ-मॅटिक 1949 च्या फ्लॅटहेडवर (फोर्डच्या जुन्या व्ही-एट इंजिनावर) होता, तोही थ्रॉटलच्या वरच्या पोर्टवर नि व्हेंच्युरीवरच (कार्बच्या अरुंद गळ्यातल्या ओढीवर) चालायचा. तेव्हा कुठलं आलं पोल्युशन? आणि या सिक्सला मॅनिफोल्डला जोडलंत तर फुल थ्रॉटलला व्हॅक्यूम शून्य, म्हणजे ॲडव्हान्सही शून्य. वजनंच नाहीत आत!

सॅन होजेचा अण्णा: माझ्या 327 इंजिनवाल्या शेव्हीला (शेव्हरलेला) नळी मॅनिफोल्डला जोडल्यापासून सिग्नलला तापायची थांबली. डोळ्यांनी बघितलंय, पुस्तक नको सांगू.

डेट्रॉइटकर: तुमच्या शेव्हीत वजनं आहेत, तिथे चालेल. ते मी कधी नाकारलं? इथे विषय सिक्सचा आहे.

रविवार मेकॅनिक: अहो, टायमिंग लाइटवर (ठिणगीची वेळ खुणेवर दाखवणाऱ्या दिव्यावर) विश्वास ठेवण्याआधी बॅलन्सर (क्रँकच्या पुढच्या टोकावरचं खुणांचं चाक) बघा. आतला गाभा नि बाहेरची रिंग यांच्यामध्ये रबर असतं, पन्नास-साठ वर्षांत ते सुटतं नि रिंग सरकते. खूण सहा अंश दाखवते, इंजिन भलतीकडेच असतं. माझ्या मेव्हण्याच्या 289 वर एका दुकानाने दोनदा ट्यूनिंगचे पैसे घेतले, रिंगकडे ढुंकून बघितलं नाही. शेवटी एक नंबरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप (पिस्टन अडवणारा बोल्ट) लावला, क्रँक हाताने दोन्हीकडून टेकेपर्यंत फिरवला, दोन खुणांच्या बरोबर मध्ये खरा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा).

जर्सीवाला: हे मात्र माझ्याकडे तपासलेलं नाही. उद्या बघतो. पण सिक्स परत टाकणार नाही, सांगून ठेवतो.

डेट्रॉइटकर: टाका म्हटलंच नाही. दुसऱ्याला काढायला सांगण्याआधी त्याचा कार्ब कुठला आहे ते विचारा, एवढंच.