अबोली, सुरंगी, बकुळीची बारीक फुलं भरायचीत, दोरा-सुईचा सल्ला हवा

फोंडेकरीण:
नमस्कार मंडळी, चैत्रात भाचीचा पहिला वाढदिवस आहे आणि तिच्या पांढऱ्या मलमलच्या फ्रॉकच्या गळ्याला हाताने बारीक फुलं भरायचीत, एकेक फूल बोटाच्या नखाएवढं. पुस्तकात बघितलं तर सगळीकडे ट्युलिप नाहीतर डॅफोडिल, मला आपली अबोली, सुरंगी, बकुळच हवी. काल एक अबोली भरून बघितली तर नुसतं ढेकूळ झालं आणि कापडाला चुण्या पडल्या. अँकर कंपनीच्या भरतकामाच्या दोऱ्याची लडी आहे, दोरा होता तसाच ओवला. काय चुकलं?

सुईदोरा:
ताई, दोरा होता तसाच ओवला तिथेच चुकलं, लडीत ६ पदर असतात आणि एवढ्या फुलाला १ किंवा फार तर २ पुरेत. पदर एकेक करून ओढून काढा, एकदम ओढलेत की गुंता होतो. हातभर दोरा बस, जास्त लांब घेतला की घासून त्याचे केस निघतात. सुई ९ किंवा १० नंबरची घ्या, नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. मलमल भरतकामाच्या गोल रिंगमधे एकटी सैल पडते, मागे केंब्रिकचा (घट्ट विणीच्या सुती कापडाचा) तुकडा टाचून दोन्ही मिळून भरा, चुण्या पडणार नाहीत.

पेडण्याची काकू:
अगं, आधी एक अबोली खुडून तळहातावर ठेव आणि नीट बघ. ती गोल नसतेच! पाकळ्या सगळ्या एकाच बाजूला पसरतात, पंख्यासारख्या, आणि खाली बारीक नळी. तू गोल फूल भरलं असशील म्हणून ती अबोली वाटली नसेल. पाच लेझी डेझी (साखळीचे सुटे टाके, एकेक टाका म्हणजे एक पाकळी) अर्ध्या गोलातच घे, नळीला स्टेम स्टिचचे, म्हणजे देठाच्या टाक्याचे, दोन टाके. दोरा ओढून आवळू नकोस, पाकळीची रेघ होते.
सुरंगीला मधे पिवळ्या केसरांचा झुबका, तो गाठीच्या टाक्याने, सुईला दोरा एकदाच गुंडाळून गच्च भर. सुई वर आली त्याच भोकातून परत खाली घातलीस तर गाठ मागे निघून जाते, एक धागा सोडून घाल. बकुळ सगळ्यात सोपी, मधलं भोक मोकळं ठेवून भोवती बारीक सरळ टाके, त्याच भोकातून तर आपण बकुळी ओवतो ना.

फोंडेकरीण:
काकू, खरंच मी गोलच भरली होती!! आणि फुलांचं चित्र कापडावर छापू कसं? मागच्या गाठी बाळाला टोचतील का?

सुईदोरा:
पाण्याने जाणाऱ्या पेनाने काढा, पण धुवायच्या आधी इस्त्री अजिबात नको, खुणा पक्क्या बसतात. गाठ मारूच नका, शेपूट मागच्या टाक्यांखाली सरकवा, शिवाय वरून मऊ अस्तर लावा. मणी नकोत, बाळ तोंडात घालतं. गडद रंगाचा दोरा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा, माझ्या बहिणीच्या रुमालावर लाल उतरला आणि सगळं काम गेलं.

पेडण्याची काकू:
आणि सुई रात्री कापडात टोचून ठेवू नकोस गं, आपल्या दमट हवेत गंजते आणि पांढऱ्यावर तो डाग निघत नाही. अबोलीचा रंग निवडताना ताजं फूलच दुकानात घेऊन जा.