मदत हवी आहे: बाळाचं सोडियम वाढलंय, मग सलाईन का वाढवलं?

बायकोची डिलिव्हरी सिन्नरला ३० व्या आठवड्यातच झाली. मुलगी, वजन १२८० ग्रॅम. त्याच रात्री तिला नाशिकला एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) हलवलं. बायको अजून सिन्नरलाच ॲडमिट, मी इथे बाहेरच्या बाकड्यावर.

आज चौथा दिवस. वजन ११५० वर आलंय. सोडियम काल १४३ होतं, आज १४९. डॉक्टर म्हणाले, "वजन उतरणारच, पण सोडियम चढलंय, फ्लुइड वाढवतोय," आणि पुढच्या बाळाकडे वळले. काचेतून सिरिंज पंपाचा आकडा दिसतो. सकाळी ४.३ होता, आता ६.४.

सोडियम म्हणजे मीठच ना? मीठ वाढलं तर सलाईन कमी करायला हवं, वाढवलं कसं? सासूबाई फोनवर म्हणतात, उकळलेलं पाणी पाजा, मध चाटवा. कुणी नीट समजावेल का? राउंडला काय विचारू तेही सांगा.

प्रतिसाद १

दादा, मी बरीच वर्षं एनआयसीयूत सिस्टर होते. घोळ 'सलाईन' या शब्दाचा आहे. बाटलीतून काहीही चढवलं तरी आपण सलाईनच म्हणतो. सुरुवातीला अशा बाळांना बहुधा डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी असतं; मीठ नसतं किंवा अगदी थोडं. त्यामुळे बहुतेकदा मीठ वाढलेलं नसतं, पाणी आटलेलं असतं. आमटी गॅसवर राहिली की खारट होते ना, तसं. या बाळांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, घाम न येताच पाणी उडून जातं. वॉर्मर (बाळाला ऊब देणारा हीटर) किंवा काविळीचा निळा लाइट असला तर आणखी.

तुमचा ६.४ ताशी मिलीचा असेल, तर जन्माच्या वजनावर दिवसाला किलोमागे १२० मिली होतात. चौथ्या दिवशी हे काही अवाजवी नाही. पण भसाभस वाढवतही नाहीत. सोडियम झपकन उतरलं तर मेंदूला सूज येऊ शकते, पाणी जास्त झालं तर फुप्फुसांवर ताण येतो. वजनाचं म्हणाल तर दहा टक्के उतरलंय, इतक्या लवकर जन्मलेल्या बाळात १० ते १५ टक्के उतरतंच.

विचारा: लघवी किलोमागे ताशी किती होते? (डायपरचं वजन करतात, एक ग्रॅम म्हणजे एक मिली.) १ च्या खाली असेल तर का, हेही विचारा. इनक्युबेटरमध्ये दमटपणा किती ठेवलाय? पुढचं सोडियम कधी?

पाणी, मध अजिबात नको. सासूबाईंना काम द्या: बाळाच्या आईनं काढलेलं दूध बर्फाच्या पिशवीत घालून इकडे आणायचं. किती आणि कधी द्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

धागाकर्ता

ताई, आमटी सासूबाईंना लगेच पटली! सिस्टरने वही दाखवली, लघवी २.४. रात्रीचं सोडियम १४६. सासूबाई उद्या पहिल्या एसटीने दूध घेऊन निघताहेत, नाशिकच्या द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकल्या नाहीत म्हणजे मिळवली.