मदत हवी आहे: घर ते आमराई वायफाय लिंक

नमस्कार मंडळी,
देवगडजवळ आमचं घर आणि आमराईतलं पंपघर यांत दीड किलोमीटर अंतर आहे. पंप आणि कॅमेऱ्यासाठी ५.८ गिगाहर्ट्झचे, २३ डीबीआय (सिग्नल एका दिशेला किती एकवटतो त्याचं माप) डिशचे दोन वायफाय रेडिओ बसवायचे आहेत.

५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ पट्टा २०१८ पासून विनापरवाना आहे, पण डिशसकट एकूण ताकद ३६ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं एकक) आत हवी. म्हणजे ३६ वजा डिशचे २३, रेडिओची ताकद १३ डीबीएमवरच ठेवायची, बरोबर ना? दुकानदार म्हणतो, सेटिंगमध्ये ताकदीची मर्यादा जास्त असलेला दुसरा देश निवडा, रेंज वाढेल. ते मला अजिबात करायचं नाही. इतरांच्या लिंकमध्ये अडथळा येतो आणि नियमही मोडतो. ताकद वाढवण्यापेक्षा मार्ग मोकळा हवा. दोन डिशमधल्या सरळ रेषेभोवती, मध्यावर साधारण साडेचार मीटर त्रिज्येची जागा सिग्नलसाठी मोकळी लागते, आणि नेमके तिथेच कलमांचे शेंडे येतात.

खरी काळजी आकाशातल्या विजेची आहे. मे महिन्यातला वळीव इथे फार कडाडतो. शील्डेड (धातूचं आवरण असलेली) केबल आणि दोन्ही टोकांना सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारं उपकरण) घेतोय. खांबाचं अर्थिंग घराच्या अर्थिंगला जोडायचं की वेगळं? आणि खांब पडला तरी वीजवाहिनीवर जाणार नाही, यासाठी किती अंतर ठेवता? कोकणात ज्यांनी असं बसवलंय त्यांनी कृपया सांगा.