वारसा की वसा? ‘झेल्डा’च्या गोष्टींचे धागे मराठीत सांगताना

नौपाडा, ठाणे :
माझी भाची आठवीत आहे. शाळेत मराठीतून आवडती कथा सांगायची आहे आणि तिने ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ ही व्हिडिओ गेमची मालिका निवडली आहे. गोष्ट तिला तोंडपाठ आहे, मराठीही छान आहे. फक्त एका खेळाचं दुसऱ्याशी नातं सांगायची वेळ आली की टाइमलाइन, रीइन्कार्नेशन, ब्लडलाइन, कनेक्शन सुरू होतं. तिला नेमके शब्द हवे आहेत आणि मलाही.

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. निंटेंडोची ही मालिका १९८६ पासून चालू आहे. हायरूल नावाचं राज्य, लिंक नावाचा मुलगा, झेल्डा नावाची राजकन्या आणि गॅनन किंवा गॅनॉनडॉर्फ नावाचा शत्रू, हे बहुतेक खेळांत असतात. पण दोन खेळांच्या मधे अनेकदा शेकडो वर्षं गेलेली असतात. नाव तेच, रूप तसंच, माणूस दुसरा. या नात्याला काय म्हणायचं?

नेरूळ :
‘अवतार’ म्हणा. शाळेतल्या सगळ्यांना कळेल, समजावून सांगत बसावं लागणार नाही. प्रत्येक लिंक हा त्या पहिल्या वीराचा अवतार.

नौपाडा, ठाणे :
अवतार म्हणजे वरून खाली उतरणं. देव उतरतो, माणूस उतरत नाही. लिंक कोणत्याच खेळात देव नव्हता. कधी तो खेड्यातला गुराखी आहे, कधी बेटावरचा आजीचा नातू.

मात्र हाच शब्द झेल्डाला अगदी चपखल बसतो. २०११ च्या ‘स्कायवर्ड स्वोर्ड’मध्ये कथाक्रमातली सगळ्यात जुनी गोष्ट आहे. हायलिया ही देवी आपलं देवपण सोडून मर्त्य मुलगी म्हणून जन्माला येते. ती मुलगी म्हणजे त्या खेळातली झेल्डा. आपण कोण आहोत हे तिला आधी ठाऊक नसतं, पुढे आठवतं. याला अवतार नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? तिच्यानंतरच्या राजकन्या मात्र अवतार नव्हेत. त्यांच्यात त्या देवीचं रक्त आहे, म्हणून ‘अंश’ म्हणावं. ‘देवीचा अंश आहे तिच्यात’ हे वाक्य आपल्याकडे कुणालाही परकं वाटणार नाही.

वाशी :
नावाचा मुद्दा राहिला. सगळ्या राजकन्या झेल्डाच का? १९८७ च्या दुसऱ्या खेळात याचं कारण दिलं आहे. एका राजपुत्रामुळे त्याच्या बहिणीवर, झेल्डावर, कायमच्या झोपेची जादू होते. पश्चात्तापाने तो फर्मान काढतो की या घराण्यात जन्मणाऱ्या प्रत्येक मुलीचं नाव झेल्डाच ठेवायचं. म्हणजे इथे ना अवतार, ना पुनर्जन्म. घराण्यात नाव चालवण्याची रीत आहे. ‘नाव चालवणं’ हाच शब्द वापरावा.

आणि एकाच नावाची माणसं ओळखायची कशी, हे मराठीला शिकवावं लागत नाही. थोरले माधवराव, सवाई माधवराव. पहिले बाजीराव, दुसरे बाजीराव. चाहते लिंकबद्दल तेच करतात. १९९८ च्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’मधला तो काळाचा वीर, २००२ च्या ‘विंड वेकर’मधला तो वाऱ्यांचा वीर. ‘हिरो’ला इथे ‘नायक’ नको, नायक कथेचा असतो. ‘वीर’ बरोबर आहे.

नेरूळ :
झेल्डाचं पटलं. मग लिंकला वारसदार म्हणू या का?

नौपाडा, ठाणे :
मला या सगळ्या चर्चेत सांगायचं आहे ते नेमकं इथेच.

‘विंड वेकर’ची सुरुवात पाहा. काळाचा वीर निघून गेला आहे, गॅनॉनडॉर्फ परत आला तेव्हा कुणीच उभं राहिलं नाही आणि देवतांनी अख्खं हायरूल समुद्राखाली बुडवलं आहे. उरली आहेत ती डोंगरांची शिखरं, म्हणजे बेटं. त्यातल्या एका बेटावर रिवाज आहे की मुलगा त्या जुन्या वीराच्या वयाचा झाला की त्याला हिरवा पोशाख घालायचा. लिंकचा वाढदिवस असतो. आजी पोशाख पुढे करते आणि हा तोंड पाडून उभा राहतो, कारण कपडे जाड आहेत आणि दिवस उकाड्याचा. आजीसाठी घालतो शेवटी. पुढे खेळात स्पष्ट सांगितलं जातं की या मुलाचा त्या पुराणातल्या वीराशी काहीही संबंध नाही. रक्ताचं नातं नाही, घराणं नाही. धाकट्या बहिणीला पक्षी उचलून नेतो, तिला सोडवायला हा घराबाहेर पडतो, आणि वाटेत एकेक परीक्षा देत शेवटी बुडालेल्या किल्ल्याच्या तळघरात मास्टर स्वोर्ड या पवित्र तलवारीसमोर उभा राहतो. भोवतीच्या रंगीत काचांवर ‘ऑकारिना’मधले ऋषी चितारलेले आहेत. ज्यांनी तो आधीचा खेळ खेळला आहे ते त्या खोलीत क्षणभर थांबतातच, कारण त्यांना ते चेहरे ओळखीचे असतात आणि लिंकला नसतात.

असा मुलगा वारसदार कसा? वारसा मागे कुणीतरी ठेवतो म्हणून मिळतो. याच्यासाठी कुणीच काही ठेवलं नव्हतं. याने जे घेतलं त्याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे : वसा. श्रावणातल्या कहाण्यांत ‘उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये’ म्हणतात, तो वसा. वसा जन्माने मिळत नाही, घ्यावा लागतो आणि घेतला की तडीस न्यावा लागतो. झेल्डाकडे वारसा आहे, लिंकने वसा घेतला आहे. मालिकेच्या निम्म्याहून अधिक गोष्टी या दोन शब्दांत सांगता येतात असं माझं ठाम मत आहे.

ऐरोली :
पण २००६ च्या ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’चं काय? तिथला लिंक तर काळाच्या वीराचा वंशज आहे.

नौपाडा, ठाणे :
हो, त्याच्याकडे दोन्ही आहे. म्हणून तर तो खेळ मला जास्त हलवून जातो. एक सोनेरी लांडगा वाट अडवतो आणि पुढच्या क्षणी गंजलेल्या चिलखतातला सांगाडा तलवार घेऊन समोर उभा. तो लिंकला एकेक डाव शिकवतो. हा सांगाडा म्हणजे ‘ऑकारिना’मधला लिंकच. आपली विद्या पुढे कुणाला देता आली नाही, या खंतीने तो अडकून पडला आहे. रक्त वंशजापर्यंत पोचलं होतं, विद्या पोचली नव्हती. शेवटचा डाव शिकवून झाल्यावर तो सुटतो. भाचीने हा प्रसंग सांगितलाच पाहिजे. ‘वंशज’ आणि ‘शिष्य’ हे दोन्ही शब्द तिला तिथे लागतील.

वाशी :
गॅनॉनडॉर्फला काय म्हणायचं? त्याचा तरी पुनर्जन्म होतो ना?

नौपाडा, ठाणे :
बहुतेक वेळा होत नाही. ‘विंड वेकर’मधला आणि ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मधला गॅनॉनडॉर्फ म्हणजे ‘ऑकारिना’तला वाळवंटी गेरुडो टोळीचा राजा, तोच माणूस. २००४ च्या ‘फोर स्वोर्ड्स ॲडव्हेंचर्स’मध्ये मात्र तो खरंच पुन्हा जन्माला येतो, पुनर्जन्म हा शब्द तिथे वापरावा. ‘विंड वेकर’च्या शेवटाकडे तो आपल्या देशातल्या वाऱ्याबद्दल बोलतो : दिवसा जाळणारा, रात्री गारठवणारा, दोन्ही वेळा मरण आणणारा. हायरूलवरून वाहणारा वारा वेगळा होता आणि आपल्याला तो हवा होता, असं सांगतो. हे बोलायला त्याला आठवण हवी, आणि आठवण त्याच माणसाला असते.

या सगळ्याच्या मुळाशी ‘स्कायवर्ड स्वोर्ड’मधला शाप आहे. त्या खेळातला शत्रू, दानवांचा राजा डिमाइस, मरताना म्हणतो की देवीचं रक्त आणि वीराची वृत्ती ज्यांच्यात असेल त्यांच्या मागे माझा द्वेष रूप घेऊन येतच राहील. आपल्या पुराणांत शापाला बहुधा उःशाप असतो. इथे उःशाप दिलेलाच नाही. म्हणून प्रत्येक खेळात विजय होतो आणि पुढच्या खेळात पुन्हा उभं राहावं लागतं.

ऐरोली :
टाइमलाइन राहिली. ‘कालरेषा’ चालेल?

नौपाडा, ठाणे :
एकच ओळ असती तर चालला असता. निंटेंडोने डिसेंबर २०११ मध्ये जपानमध्ये ‘हायरूल हिस्टोरिया’ हे पुस्तक काढलं, त्यात ‘ऑकारिना’नंतर काळाचे तीन भाग दाखवले. झेल्डा लिंकला सात वर्षं मागे, बालपणात पाठवते. तो जिथून गेला तो काळ एक, जिथे पोचला तो काळ दुसरा. तिसरा, लिंक शेवटच्या लढाईत हरला तर. १९९१ चा ‘अ लिंक टू द पास्ट’ आणि अगदी पहिला खेळ या तिसऱ्या भागात येतात.

नेरूळ :
मग ‘ऑकारिना’ म्हणजे आपला ठाण्याचा तीन हात नाका!

ऐरोली :
नाक्यावर तीन हात असले तरी त्यातला एक आपण आलो तो. इथे आलेला एक आणि निघालेले तीन. तो चव्हाटा झाला, आणि ‘चव्हाट्यावर येणे’चा अर्थ वेगळा. ‘फाटा’ घ्या. शिळफाटा, उरण फाटा रोज तोंडात आहेत.

वाशी :
फाटा म्हटलं की एक मुख्य रस्ता गृहीत धरला जातो. या तिघांत मुख्य कोणताच नाही. शिवाय ‘फाटे फोडणे’ला वाईट छटा आहे.

नौपाडा, ठाणे :
फोडणे नको, फुटणे घ्या. ‘काळाला तीन फाटे फुटले’ यात कुणावर ठपका येत नाही, आणि मुख्य रस्त्याची अटही सैल होते. झाडाला फाटे फुटतात तेव्हा कोणता मुख्य हे कोण विचारतं? आणि ‘अ लिंक टू द पास्ट’च्या माहितीपुस्तिकेतलं जुन्या युद्धाचं वर्णन ‘ऑकारिना’तल्या घटनांशी तंतोतंत जुळत नाही, त्याला ‘चूक’ किंवा ‘विसंगती’ म्हणण्यापेक्षा पोथ्यांचा ‘पाठभेद’ हा शब्द जास्त शोभेल. मालिकेच्या नावातच आख्यायिका आहे. ‘दंतकथा’ मात्र टाळावं, त्यात अविश्वास मिसळलेला असतो.

ऐरोली :
२०१७ चा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ कोणत्या फाट्यावर? ‘विंड वेकर’मध्ये झोरा या जलचर जमातीपासून रिटो ही पंख असलेली जमात झाली असं आहे, आणि या खेळात दोन्ही जमाती शेजारी शेजारी नांदतात.

नौपाडा, ठाणे :
निंटेंडोने २०१८ मध्ये आपल्या जपानी संकेतस्थळावर तो खेळ कालक्रमाच्या शेवटी, कोणत्याच फाट्याला न जोडता ठेवला. ‘सांधा’ दाखवलेला नाही. भाचीने ‘हा भाग सुटा आहे’ असं म्हणावं. ‘तुटलेला’ म्हणू नये. सुटं असतं ते पुढे जोडता येतं.