आर्ट गॅलरीमुळं वॉर्डातली कामं पुढं सरकतात का?

वडगावचा पोरगा:
मंडळी, सरळच विचारालोय. आमच्या मंडळाचा एक हॉल रिकामा पडलाय, काहीजण म्हणालेत तिथं चित्रांची छोटी गॅलरी करूया, विणकरांचं जुनं सामान पण ठेवूया. बाकीचे म्हणतात गटारी तुंबल्यात आणि तुम्हाला चित्रं सुचालीत होय? अशा जागेमुळं लोक गावच्या कामात पुढं आलेत असं कुठं झालंय काय?

टिळकवाडीची काकू:
सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन ये बाळा. तिथल्या संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ ला यमाईच्या डोंगरावर म्युझियम बांधलं, रविवर्म्याची ओरिजिनल चित्रं आहेत तिथं, आणि त्याच राजानं १९३९ ला कारभार रयतेच्या हातात दिला, पार गावपंचायतीपर्यंत. एकामुळं दुसरं झालं असं नाही म्हणत मी, पण चित्रं वाड्यात कोंडून न ठेवणारा आणि सत्ता सोडणारा माणूस एकच निघाला.

निपाणीकर सध्या पुण्यात:
काकू, राजा होता म्हणून जमलं हो, इथं मंडळाकडं वर्गणी पण जमत नाही 😀 न्यूयॉर्कच्या क्वीन्स म्युझियमचं बघा. १९६४ च्या वर्ल्ड फेअरसाठी केलेलं अख्ख्या शहराचं मॉडेल आहे तिथं. पण मला आवडलं ते वेगळंच, त्यांनी वस्तीत फिरणारे कार्यकर्ते पगारावर ठेवले आणि २०११ ला तानिया ब्रुगेरा या आर्टिस्टबरोबर कोरोना नावाच्या भागात (रोग नव्हे, तिथल्या एरियाचं नाव) बाहेरून आलेल्या लोकांसाठी जागा उघडली, तिथं इंग्लिशचे क्लास, कायद्याचा सल्ला असलं चालायचं. लोक आधी आपापल्या कामासाठी आले. तुम्ही पण एका भिंतीवर वॉर्डाचा मोठा नकाशा रंगवा, पोरांकडनंच, आणि तुंबलेली गटार, बंद लाईट जिथल्या तिथं ज्याला त्याला चिकटवू दे.

खानापूरची माती:
नकाशा बेस्ट. विणायचा माग मात्र काचेत ठेवू नका, चालू ठेवा, सूत घेऊन धोटा इकडनं तिकडं पळताना बघितला की पोरं हलत नाहीत आणि शेजारी बसलेला म्हातारा विणकर आपोआप बोलायला लागतो, सूत केवढ्याचं, मजुरी किती, कोण कोण सोडून गेलं. खरी मीटिंग तीच. पाट्या कन्नड मराठी दोन्हीत लावा, नाहीतर अर्धी गल्ली आत यायची नाही. आणि वेळ संध्याकाळची ठेवा की, दिवसा कोण मोकळं असतंय?

वडगावचा पोरगा:
माग मिळतोय बघा, एकाच्या माडीवर पडून आहे. नकाशाचं रविवारी मांडतो. नगरसेवकांना बोलवायचं काय?

टिळकवाडीची काकू:
बोलव की. स्टेज तेवढं घालू नको, नकाशासमोर उभं कर.